किणीनंतर मेसेज आला नाही

गाडी २०१९ची वॅगन-आर, पेट्रोल, पांढरी पाटी. आठवड्यातले पाच दिवस ती कोथरूडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. मी ऑफिसला दुचाकीने जातो, बायको घरूनच काम करते. हप्ता मात्र सातही दिवसांचा जातो. म्हणून दीड वर्षापूर्वी गाडी एका अ‍ॅपवर लावली. आपली गाडी, अनोळखी माणूस, मध्ये अ‍ॅप, असा हा व्यवहार. अ‍ॅपच्या भाषेत मी होस्ट आणि घेणारा गेस्ट. आमच्या घरात ‘पाहुणा’ हाच शब्द पडला आहे. शनिवार-रविवार पाहुण्याकडे गाडी असली की आम्ही भाजी आणायला चालत जातो.

प्रकरण मे महिन्यातल्या एका रविवारचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी सहाला गाडी दिली. नवरा-बायको आणि दोन मुलं, वेंगुर्ल्याला निघाले होते. परतीची वेळ रविवारी रात्री नऊ. भाडं ५,८०० रुपये. माणूस सभ्य होता. टायरची हवा स्वतः तपासली, डिकीतली स्टेपनी बघितली, ओरखड्यांचे फोटो माझ्याआधी त्यानेच काढले. पुढचं बुकिंग सोमवारी पहाटे पाचचं होतं. एका बाईंना आपल्या वडिलांना घेऊन परळला जायचं होतं, हॉस्पिटलमध्ये नऊची वेळ होती. दोन बुकिंगांत आठ तासांचं अंतर. अ‍ॅप दोन तासांचं मागतं, माझ्याकडे चौपट होतं. मी निर्धास्त होतो.

गाडीत अ‍ॅपने जीपीएस यंत्र बसवलेलं आहे, पण बुकिंग चालू असताना गाडी कुठे आहे ते मालकाला दिसत नाही. पाहुणा कुठे फिरतो ही त्याची खाजगी बाब आहे आणि हे मला पटतंही. वेळ संपून दोन तास झाले की मग नकाशा उघडतो. फास्टॅग मात्र माझ्या नावावर, माझ्या बँकेचा. टोल कापला की मेसेज माझ्या फोनवर येतो. कुणी मुद्दाम योजलेली नसलेली ही पाळत आहे. पुण्याहून कोल्हापूरकडे गाडी गेली की खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी आणि निपाणीच्या अलीकडे कोगनोळी असे मेसेज ओळीने पडत जातात. येताना उलटे. घरबसल्या गाडीची चाल कळते.

त्या रविवारी संध्याकाळी ६ वाजून ४८ मिनिटांनी कोगनोळीचा मेसेज आला.

इथे थांबून सांगायला हवं, कारण प्रकरणाची मेख इथेच आहे. नऊ वाजता काहीच घडलं नाही. जे घडायचं ते सात वाजता घडून गेलं होतं. कोगनोळी ते पुणे अडीचशे किलोमीटरच्या वर. सातारा ते कागल रस्त्याचं रुंदीकरण, जागोजागी वळवलेली वाहतूक, त्यात मे महिन्यातला रविवार आणि अख्खं कोकण पुण्या-मुंबईकडे परतत असलेलं. कसंही चालवलं तरी साडेबाराच्या आत गाडी कोथरूडला लागणार नव्हती. हे गणित मला त्याच मिनिटाला आलं. मी काय केलं? फोन उलटा ठेवला आणि आयपीएलचा सामना बघत बसलो. नऊपर्यंत वेळ त्याची आहे, त्याआधी आपण कशाला टोकायचं, असा एक सुसंस्कृत विचार मनात होता. थोडं खरं बोलायचं तर उशिराचे पैसे लागतील, मिळू देत, असाही होता.

९ वाजून ५ मिनिटांनी किणीचा मेसेज. साडेनऊला मी फोन केला. मागे ढाब्यावरची भांडी वाजत होती.

“दादा, ट्रॅफिक फार आहे हो. दोन तासांत पोचतो.”

किणीहून दोन तासांत पुणे म्हणजे हेलिकॉप्टरच. मला माहीत होतं की तो खोटं बोलतोय. त्याला माहीत नव्हतं की मला माहीत आहे. मी म्हणालो, “ठीक आहे, सावकाश या.” ही त्या रात्रीची दुसरी चूक. मी त्याला खरं बोलायची जागाच दिली नाही. “तुम्ही किणीजवळ आहात, साडेबारा-एक तरी होईल, मुलं दमली असतील तर काय करायचं ते आत्ताच ठरवू,” एवढं म्हटलं असतं तर पुढची सगळी रात्र वेगळी गेली असती.

किणी ते तासवडे तास-सव्वातासाचं अंतर. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. तासवड्याचा मेसेज नाही. अकरा वाजता अ‍ॅपमधला नकाशा उघडला. ठिपका कराडच्या अलीकडे मलकापुरात, हायवेपासून आत, वस्तीतल्या एका गल्लीत. हलत नव्हता. फोन बंद. नंतर कळलं की तिथे त्यांची मावशी राहते. मुलं जेवून झोपली होती, तोही झोपला होता. फोन बंद करून झोपला, कारण मी पुन्हा फोन करणार हे त्याला ठाऊक होतं.

अ‍ॅपच्या मदतकेंद्राने तक्रार नोंदवली, क्रमांक दिला आणि सांगितलं की पाहुण्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न सुरू आहे. तो मीही करतच होतो.

अकरा वीसला मी पुढच्या बाईंना फोन केला. झोपेतून उठल्या होत्या. गाडी पहाटे मिळणार नाही हे ऐकून क्षणभर गप्प राहिल्या आणि मग एकच प्रश्न विचारला.

“हे तुम्हाला आत्ता कळलं का?”

मी ‘हो’ म्हणालो. कळलं सातला होतं. सातला सांगितलं असतं तर त्यांच्या हातात अख्खी संध्याकाळ होती. भावाला विचारता आलं असतं, दुसरी गाडी बघता आली असती, ओळखीच्या ड्रायव्हरला आधी सांगून ठेवता आलं असतं. साडेअकराला मी त्यांच्या हातात पाच तासांची रात्र ठेवली, आणि घरात आजारी माणूस.

मग धावपळ. आमच्या इस्त्रीवाल्याच्या मेहुण्याची पिवळ्या पाटीची टुरिस्ट गाडी आहे. बारा वाजता त्याला उठवलं. परळला जाऊन, थांबून, परत यायचे ५,५०० ठरले. बाईंनी माझ्या गाडीचे जेवढे दिले असते तेवढे, म्हणजे २,७०० दिले. वरचे २,८०० मी भरले. ते पाच वाजून दहा मिनिटांनी निघाले आणि वेळेत पोचले.

याच दरम्यान एका मित्राने दिलेला सल्ला नोंदवून ठेवतो, कारण असा सल्ला बऱ्याच गाडीमालकांना मिळतो. त्याच्या स्वतःच्या भाड्याच्या गाड्यांना रिले लावलेला आहे. मोबाइलवरून बटण दाबलं की गाडी पुन्हा सुरू होत नाही. “तूही लावून घे. उशीर केला की सकाळी बस म्हणावं बोंबलत.” सुट्टीवरून परतणारी दोन मुलं हायवेला बंद गाडीत बसली आहेत, हे चित्र मला बघवेना. शिवाय गाडी मलकापुरात बंद पडली असती तर ती पुण्याला आणायची कुणी? पोलिसांत जायचाही विचार झाला. वकील असलेल्या वर्गमित्राने रात्री एक वाजता शांतपणे समजावलं: गाडी तू स्वतः किल्लीसकट दिलीस, म्हणजे ही चोरी नव्हे. भारतीय न्याय संहितेत कलम ३१६ विश्वासघाताचं आहे, पण त्याला लबाडीचा हेतू लागतो. मावशीकडे झोपणं हा हेतू धरता येत नाही. गाडी तीन दिवस आली नाही, ठिपका नाहीसा झाला, तर मग बघू. झोप आता.

सकाळी तासवडे ६.५२, आनेवाडी ७.५०, खेड-शिवापूर ९.२५. कोथरूडला १०.२५. उशीर १३ तास २५ मिनिटं.

तो उतरला तेव्हा ओशाळलेला होता, पण थोडाच. किल्ली देता देता म्हणाला, “सॉरी दादा. पण तासाचे पैसे लागतातच ना, ते भरतो मी.” आणि त्याने ते भरले, कुरकुर न करता. अ‍ॅपचा नियम असा आहे: पहिला अर्धा तास माफ, पुढे तासाला ४००. त्याचे ५,२०० झाले. त्यातले निम्मे तीन आठवड्यांनी माझ्या खात्यात आले. माझा हिशेब: जमा २,६००. सोमवारचं बुकिंग बुडालं त्यातला माझा वाटा १,९००, ‘होस्टने ऐनवेळी रद्द केलं’ म्हणून मलाच लागलेला दंड ७५०, टॅक्सीचे २,८००. वजा २,८५०. दंडाविरुद्ध दाद मागितली ती अजून ‘तपासणीत’ आहे.

पैशांपेक्षा त्याचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. उशिराला दर लावला की उशीर विकत घेता येतो. इस्रायलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघांनी तो केला आणि २००० साली छापला. दहा पाळणाघरं घेतली. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा ठिकाणी दहा शेकेल दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, तो वाढत जाऊन जवळपास दुप्पट झाला. आधी पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवतोय म्हणून पालकांच्या मनाला लागायचं. आता दहा शेकेलला ती सेवा मिळत होती. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. माझ्या पाहुण्याने हा निबंध वाचला असण्याची शक्यता नाही, पण त्याने त्याचा सारांश मला पार्किंगमध्ये उभ्याने सांगितला.

सुरुवातीला मला वाटलं, मग दर वाढवावा. तासाला ४०० ऐवजी १,००० लावले की मावशीकडे कोण झोपेल? दोन दिवस या विचारात होतो. मग त्याच रस्त्याने मी स्वतः कितीदा आलोय ते आठवलं. रात्री एकच्या सुमाराला खंबाटकीचा बोगदा, तो संपला की लगेच ते कुप्रसिद्ध एस वळण, पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा तो लांबलचक उतार. या दोन जागांच्या बातम्या पुण्यातला कुणीही न शोधता वाचतो. वेंगुर्ल्याहून आंबोली चढून आलेला, दहा तास गाडी चालवलेला माणूस तासाला हजार रुपये वाचवायला तिथून येणार, तोही माझ्या गाडीतून, आणि मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली. त्याने मावशीकडे मुक्काम केला हे त्या रात्रीचं सगळ्यांत शहाणपणाचं काम होतं. चूक होती ती फोन बंद करण्यात, आणि माझी सातला गप्प बसण्यात. तासाच्या दराने शिक्षा होते ती नेमकी मुक्कामाला. न सांगण्याला काहीच लागत नाही. तेरा तासांचा उशीर सात वाजता कळवणारा आणि अजिबात न कळवणारा, दोघांना बिल सारखंच.

उशिरांच्या नोंदी मी वहीत ठेवतो. त्या रात्रीनंतर वही उलटून पाहिली तेव्हा एक गोष्ट दिसली जी आधी लक्षात यायला हवी होती. गावातल्या गावात फिरणाऱ्यांचा उशीर वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. चांदणी चौकात अडकलो, पेट्रोल भरायला रांग होती, वगैरे. लांब जाणाऱ्यांचा एकतर तेवढाच, नाहीतर सरळ रात्रभराचा. मधला, म्हणजे पाच-सहा तासांचा, जवळजवळ नाहीच. कारण सरळ आहे: दमलेला माणूस थांबला की सकाळपर्यंत थांबतो. म्हणून अ‍ॅपने सुचवलेला उपाय, दोन बुकिंगांतलं अंतर दोनचं चार तास करा, लांबच्या गाडीला निरुपयोगी आहे. माझ्याकडे आठ होतं आणि तेही पुरलं नाही. चाळीस मिनिटांच्या उशिराला दोन तास भरपूर होतात. रात्रभराच्या उशिराला रात्रच मोकळी ठेवावी लागते.

म्हापशाला आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या परवानाधारक भाड्याच्या गाड्या चालवतात. त्यांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, “मी गाडी परत कधी देणार ते विचारतच नाही. विमान किती वाजताचं, आणि मोपाचं की दाबोळीचं, ते विचारतो. माणूस मला दिलेली वेळ चुकवेल, विमान नाही चुकवणार.” माझ्या पाहुण्यांना विमान नसतं. पण सोमवारी सकाळी ऑफिस असतं, मुलांची शाळा असते. सुट्टीत शाळा नव्हती, आणि त्याने सोमवारची रजा टाकली होती. हे मी शुक्रवारी विचारलं असतं तर त्याने सहज सांगितलं असतं. रजा टाकलेला माणूस रविवारी रात्री नऊला का येईल?

वकील मित्राने नंतर निवांतपणे आणखी एक बाजू दाखवली. १८७२ चा करार कायदा, कलम १६० आणि १६१. दुसऱ्याची वस्तू ठरावीक मुदतीसाठी ताब्यात घेतलेल्याने मुदत संपताच, मागितली नाही तरी, परत करायची. आणि त्याच्या चुकीने वेळेत परत झाली नाही तर त्या क्षणापासून वस्तूचं जे काही नुकसान होईल त्याला तो जबाबदार. म्हणजे रविवारी नऊनंतर मलकापुरात झाड पडून काच फुटली असती तरी ती त्याच्या डोक्यावर. ठीक. पण बाईंच्या टॅक्सीचे पैसे त्याच्याकडून मागता आले असते का? तिथे कलम ७३ येतं. करार करताना दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं किंवा ओघाने होणारं नुकसानच मागता येतं. पहाटे पाचला दुसरं कुणी गाडीची वाट बघतंय हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. “सांगितलं असतंस तर निदान बोलायला जागा होती,” मित्र म्हणाला. कोर्टात कोण जातंय २,८०० साठी. पण मला त्यातलं हेच लागलं की कायद्यालाही तो प्रश्न पडतो जो मला पडायला हवा होता: त्या माणसाला माहीत होतं का?

विम्याचं वेगळंच. खाजगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा मोबदल्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो, हे पांढऱ्या पाटीची गाडी अ‍ॅपवर लावणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या मथळ्याखाली वाचून घ्यावं. बुकिंगच्या काळात अ‍ॅपचं स्वतःचं संरक्षण असतं. आमच्या अ‍ॅपच्या अटींत ते ‘बुकिंगच्या मुदतीत आणि अ‍ॅपवरून वाढवलेल्या मुदतीत’ असं लिहिलंय. पाहुण्याने मुदत वाढवलीच नव्हती. म्हणजे रविवारी नऊ ते सोमवारी साडेदहा गाडीला नक्की कुणाचं छत्र होतं, याचं लेखी उत्तर मी दोनदा मागितलं. दोन्ही वेळा आभाराचा ईमेल आला. त्यामुळे आता उशीर होतोय असं दिसलं की मी पाहुण्याला पहिलं वाक्य हेच म्हणतो: आधी अ‍ॅपवरून मुदत वाढवा, मग जेवा.

आता काय करतो ते सांगतो, आणि त्याची किंमतही. शंभर-दीडशे किलोमीटरच्या पलीकडे जाणाऱ्याला रविवारी रात्रीची परत वेळ देत नाही. एकतर रविवारी दुपारी चार, नाहीतर सोमवारी सकाळी दहा. रात्रीचे वेगळे पैसे लावत नाही. बहुतेक जण सोमवार घेतात, आणि त्यांतले निम्मे रविवारी रात्रीच येऊन किल्ली देतात. घाई नसली की माणूस वेळेवर येतो, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. सोमवारी पहाटेचं बुकिंग त्यामुळे बंद. महिन्याला दोन तरी बुकिंगं यात जातात. बायकोने हा आकडा फ्रिजवर लिहून ठेवला आहे.

किल्ली देताना तीन प्रश्न विचारतो: जाताय कुठे, परवा ऑफिस आहे का, वाटेत मुक्कामाला कुणी आहे का. तिसऱ्यावर लोक चमकतात. मग सांगतो की फास्टॅगचे मेसेज माझ्याकडे येतात. आधी हे सांगत नव्हतो, ते बरोबर नव्हतं. पाळत असलीच तर ती दोघांना माहीत असावी. आणि पुढचं कुणी असेल तर तेही सांगतो, नाव न घेता: “तुमच्यानंतर एका आजोबांना न्यायचंय.” हैफातल्या पालकांचं दंडाने जे पुसलं गेलं ते यातून थोडं परत येत असावं, असा माझा समज आहे. परतीच्या दिवशी मेसेज करतो तो वेळ संपायच्या सहा तास आधी. त्यात ‘कधी येताय’ असं विचारत नाही. ‘आत्ता कुठे आहात’ असं विचारतो. ‘कधी’ला लोक आशा सांगतात, ‘कुठे’ला गाव.

त्या बाईंना मी आठ दिवसांनी फोन केला आणि सातचा मेसेज, माझं गप्प बसणं, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.” राग होता की नव्हता ते आवाजावरून कळलं नाही. जुलैत वडिलांची पुढची तारीख होती, तेव्हा अ‍ॅपवर बुकिंग करण्याआधी त्यांचा फोन आला. भाडं विचारलं नाही, गाडी स्वच्छ असते का तेही नाही.

“आदल्या रात्री गाडी कुणाकडे आहे?”

“कुणाकडेच नाही. आमच्या पार्किंगमध्ये आहे.”

“मग करते बुक,” त्या म्हणाल्या. “आणि तुमच्या त्या टॅक्सीवाल्याचा नंबरही देऊन ठेवा.”

दिला.